खुर्चीमागून पाहिलेलं अझेरॉथ

२०१६च्या जूनमध्ये ‘वॉरक्राफ्ट’ हा व्हिडिओ गेमवरचा सिनेमा आला तेव्हा त्याच्यावरून जे भांडण पेटलं, ते अजून पुरतं विझलेलं नाही. सिनेमा तसा लोकांच्या विस्मरणात गेला. दुसरा भाग निघालाच नाही. पण त्या वेळी दोन्ही बाजूंनी जी वाक्यं फेकली गेली, ती आजही गेमवरचा कुठलाही सिनेमा आला की जशीच्या तशी बाहेर येतात, फक्त नाव बदलायचं. समीक्षक म्हणतात, याला सिनेमा कसं म्हणायचं, हा नुसता विचित्र नावांचा आणि हिरव्या राक्षसांचा गदारोळ आहे. चाहते म्हणतात, तुम्ही गेम खेळला नाहीत, तुम्हाला काय कळणार! एकाला दुसरा पोरकट वाटतो आणि दुसऱ्याला पहिला शिष्ट.

मी यांतली कोणीच नव्हते. माझा धाकटा भाऊ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा अझेरॉथ नावाच्या काल्पनिक जगातला ऑनलाइन गेम खेळायचा आणि मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून बघायचे. जेवायला बोलवायला म्हणून त्याच्या खोलीत जायचे आणि तिथेच रेंगाळायचे. माउसला कधी हात लावला नाही. त्यामुळे खेळणाऱ्यांच्या हिशेबात मी बाहेरची, आणि न खेळणाऱ्यांच्या हिशेबात जरा जास्तच आतली. सिनेमा पाहताना ही अधली-मधली जागा मला फार उपयोगी पडली.

खुर्चीमागे उभं राहणाऱ्याला खेळणाऱ्यापेक्षा वेगळ्या गोष्टी दिसतात. भावाची नजर सतत पडद्याच्या खालच्या पट्टीवर असायची: कुठला मंत्र तयार आहे, कुठला अजून थंड व्हायचाय, रक्त किती उरलंय. माझं लक्ष वरच्या दोन तृतीयांश भागात. झाडं, पूल, लांबवर दिसणारा एखादा मनोरा. त्याचे दोन कॅरेक्टर होते. एक माणसांच्या बाजूचा जादूगार आणि दुसरा ऑर्क, म्हणजे हिरव्या राक्षसी जमातीतला योद्धा. जीव ऑर्कवर, पण जादूगारही अधूनमधून चालवायचा. त्या जादूगाराला एका मुक्कामाहून दुसरीकडे जायचं असलं की ग्रिफॉन मिळायचा, गरुडाचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेला. त्याच्या पाठीवर बसलं की पुढची काही मिनिटं खेळणाऱ्याला कामच नसतं. मार्ग ठरलेला, वळवता येत नाही, थांबवता येत नाही. भाऊ तेवढ्यात उठून पाणी प्यायला जायचा. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मी एकटीच खालून सरकणारे डोंगर बघत राहायचे. माणसांच्या राजधानीचे, स्टॉर्मविंडचे, पांढरे बुरूज आणि निळी छपरं मला अशी पाठ झाली. ज्याला ते खेळायचं होतं तो उठून गेलेला असताना.

आणि गोष्टीचं म्हणाल तर ती त्याच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक होती. गेममध्ये कोणी काम सांगितलं की चौकटीत चार-पाच ओळींचा मजकूर येतो. कोण संकटात आहे, का आहे, तुझ्याकडून काय हवंय. भाऊ तो कधी वाचायचा नाही. मी म्हणायचे, “थांब रे, वाचू दे.” तो तोवर ‘स्वीकार’वर क्लिक करून मोकळा. “ताई, काही नाहीये त्यात. दहा रानडुकरं मारायचीत.” त्याच्या सगळ्या मित्रांचंही हेच. म्हणून पुढे हीच मंडळी समीक्षकांना ‘तुम्हाला मूळ कथा माहीत नाही’ असं ठणकावून सांगू लागली तेव्हा मला हसू आवरेना. कथा त्यांना तरी कुठे माहीत होती? त्यांना जागा माहीत होती. कुठल्या पुलाखाली काय लपलेलं असतं, कुठल्या वळणावर जपून जायचं, कुठल्या खाणावळीत सगळे टवाळक्या करत बसलेले असतात. ज्या गावात आपण वाढलो त्या गावाचा इतिहास विचारला तर आपल्याला चार वाक्यं सांगता येत नाहीत, पण अंधारात चालायला दिवा लागत नाही, तसं.

हे एकदा लक्षात आलं की चाहत्यांचा राग कुठे पेटतो आणि कुठे पेटत नाही याचा उलगडा होतो. दिग्दर्शक डंकन जोन्सने मूळ कथेत चांगलेच फेरफार केले होते. ड्युरोटान हा ऑर्कांचा सरदार गेमच्या कथेत मारेकऱ्यांकडून मारला जातो; सिनेमात तो गुलदान या कपटी जादूगाराला सर्वांसमोर द्वंद्वाचं आव्हान देतो आणि गुलदान नियम मोडून, जादू वापरून त्याचा जीव घेतो. माणसांच्या लेन राजाला गारोना ही अर्धी ऑर्क बाई मारते हे दोन्हीकडे आहे, पण गेमच्या कथेत तिच्या मनाचा ताबा दुसऱ्याकडे असतो, आणि सिनेमात राजा स्वतःच तिला सांगतो की मला मार, म्हणजे ऑर्कांत तुझा मान वाढेल आणि पुढे कधीतरी दोन्ही जमातींत समेट घडवायला तू जिवंत राहशील. एवढा मोठा बदल! कादंबरीवरच्या सिनेमात असं केलं तर वाचक दिग्दर्शकाला वर्षानुवर्षं सोडत नाहीत. इथे थोडी कुरबूर झाली आणि बहुतेकांनी सोडून दिलं. भाऊ बाहेर पडताना म्हणाला, “असा नाही मेला तो खरा.” आणि लगेच पुढे, “पण स्टॉर्मविंड बघितलंस?”

याच्या उलट २०१९चा ‘सॉनिक’चा ट्रेलर आठवा. त्यात कथेबद्दल कोणाला काहीच पडलेलं नव्हतं. त्या निळ्या प्राण्याला माणसासारखे दात दिले होते, डोळे बारीक केले होते, आणि तेवढ्यावरून असा गहजब झाला की निर्मात्यांनी प्रदर्शन नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीत ढकललं आणि पात्र नव्याने घडवलं. १९९३च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं पापही तेच. मशरूमचं रंगीबेरंगी राज्य काढून तिथे डायनासोरांच्या वंशजांचं अंधारं, कोंदट शहर उभं केलं. मारिओच्या कथेत मुळात असतं काय? राजकन्येला पळवून नेलंय, तिला सोडवायचंय. ती कोणी बदलली असती तरी चाललं असतं. जागा बदलली ते चाललं नाही.

समीक्षक हे सहसा पाहतच नाहीत. त्यांची रूपांतराची सगळी हत्यारं कादंबरी आणि नाटकावर घासून धार लावलेली. मूळ कथानकाशी प्रामाणिक आहे का, पात्रं कागदावरून पडद्यावर येताना सपाट झाली का, वगैरे. ती चुकीची नाहीत, पण गेमवर आलेल्या सिनेमात खेळणारा काय शोधायला आला आहे, ते त्यांच्या चिमट्यात सापडत नाही. आता, सापडलंच पाहिजे असंही नाही. समीक्षक तिकीट काढून आलेल्या अनोळखी माणसाच्या वतीने बसलेला असतो. त्याने पडद्यावर जे आहे तेवढंच मोजावं. मला इथे समीक्षकांची बाजू पुष्कळशी पटते. चांगला सिनेमा प्रेक्षकाला लागेल तेवढी आठवण स्वतःबरोबर घेऊन येतो. प्रेक्षकाने घरून आणलेल्या आठवणीवर तो चालत असेल, तर ती पुण्याई त्या आठवणीची.

दोन विनोदांचं उदाहरण देते. खडगार नावाचा तरुण जादूगार एका पहारेकऱ्याला मंत्राने मेंढरू करतो. सगळं थिएटर हसलं. भाऊ आणि त्याची टोळी जरा जास्तच हसली, कारण गेममध्ये जादूगाराचा हा रोजचा डाव आहे: अंगावर दोघे आले की एकाचं मेंढरू करायचं, तोवर दुसऱ्याला आवरायचं. पण ज्यांना हे ठाऊक नव्हतं तेही हसले. शिपायाचं मेंढरू होणं हे कुठल्याही भाषेत, कुठल्याही काळात गमतीचंच आहे. दुसरा विनोद, नदीकाठी काही क्षण दिसणारा एक मर्लॉक. बेडूक आणि मासा यांच्या मधलं हे ध्यान घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज काढतं. गेममध्ये नवख्या खेळाडूला यांनी इतकं छळलेलं असतं की तो आवाज नुसता लांबून आला तरी अंगावर काटा येतो. पडद्यावर तो आवाज आला आणि आमची रांग फुटली. टाळ्या, शिट्ट्या. “ताई, मर्लॉक!” पुढच्या रांगेतल्या एका जोडप्याने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. यांना काय झालं, असा चेहरा. मी दोघांच्या मध्ये. मला तो आवाज ओळखीचा होता, म्हणून मी हसले; आणि हसता हसताच जाणवलं की पडद्यावर विनोद असा काही घडलेलाच नाही. नदीकाठी एक प्राणी गुळण्या करतोय, बस्स.

मेंढराचा विनोद सिनेमाने स्वतः कमावला होता. मर्लॉकचा उधार आणला होता. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये असं उधारीचं प्रमाण फार झालं, ही समीक्षकांची तक्रार मला मान्य आहे. दोन तासांत ड्रेनॉर, अझेरॉथ, स्टॉर्मविंड, कारझान, दालारान, मध्येच आयर्नफोर्जची एक धावती फेरी. नाव कानावर पडेपर्यंत पुढचं गाव आलेलं. चाहत्याला प्रत्येक नावामागे कितीतरी संध्याकाळी आठवतात. नवख्याला फक्त नकाशावरून बोट फिरताना दिसतं.

मरणाचंही तसंच. गेममध्ये भाऊ लढता लढता “मेलो!” असं जोरात ओरडायचा. सुरुवातीला आई दचकून धावत यायची, नंतर तिनेही कान बंद केले. मेल्यावर त्याचं करडं भूत स्मशानातून निघायचं आणि आपल्या प्रेतापर्यंत पळत जायचं. तिथे पोचलं की पुन्हा जिवंत. मरणाची शिक्षा म्हणजे एवढी पायपीट. सुरुवातीच्या काळात मोठ्या मोहिमेवर ४० जण एकदम जायचे आणि त्याच राक्षसापुढे पुन्हा पुन्हा मरायचे. मरत मरतच तो राक्षस कसा मारायचा हे शिकायचं. त्यात मजा आहे, चिकाटी आहे, सोबत्यांवरचे आरडेओरडे आहेत. पण सिनेमात मेलेला माणूस स्मशानातून पळत परत येत नाही. तिथे मरण एकदाच वापरता येतं आणि त्याआधी त्या माणसाची ओळख करून द्यावी लागते. सेनापती लोथारचा तरुण मुलगा बापाच्या डोळ्यांसमोर मारला जातो. मध्ये जादूची विजेची भिंत उभी, बाप या बाजूला, मुलगा त्या बाजूला, आणि समोर ब्लॅकहँड हा अवाढव्य ऑर्क. मांडणी जबरदस्त आहे. पण त्या मुलाने तोवर केलं काय होतं? एकदोन प्रसंगांत दिसला होता. माझे डोळे कोरडेच राहिले, आणि त्या वेळी वाटलं, हा प्रसंग लिहिणाऱ्याच्या हाताला गेमची सवय लागलेली आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण दोन्ही बाजू आकडेच एकमेकांच्या तोंडावर मारत होत्या. परीक्षणांची गोळाबेरीज करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांचे २९ टक्के, प्रेक्षकांचे ७५च्या पुढे. पण २९ टक्के म्हणजे शंभरात २९ गुण नव्हेत. इतक्या समीक्षकांनी ‘बरा आहे’ म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी मिळून ‘ठीकठाकच्या जरा खाली’ असं म्हटलं तरी तो आकडा शून्याजवळ जाऊ शकतो. आणि प्रेक्षकांचा आकडा त्या काळी कोणीही येऊन देऊ शकत होतं, तिकीट काढलंय का हे कोणी विचारत नव्हतं. ती पडताळणी २०१९मध्ये सुरू झाली. पहिल्या रात्री थिएटरच्या दाराशी मतं घेणाऱ्या सिनेमास्कोरने ‘बी प्लस’ दिला. पण पहिल्या रात्री येतो कोण? जो गेली दहा वर्षं वाट बघतोय तोच. या सिनेमाची घोषणाच मुळी २००६ची होती. एकूण काय, एका आकड्याने दुसऱ्याला खोटं पाडता येत नाही; दोन वेगळ्या गर्दींना दोन वेगळे प्रश्न विचारलेले आहेत.

पैशाची गंमत त्याहून मोठी. १६ कोटी डॉलर खर्चाच्या या सिनेमाने उत्तर अमेरिकेत सगळे मिळून ५ कोटीही केले नाहीत. चीनमध्ये पहिल्या पाच दिवसांत १५ कोटींच्या वर आणि एकूण २१ कोटींच्या पुढे. जगभराची बेरीज ४४ कोटींच्या आसपास, म्हणजे तोवर गेमवर निघालेल्या सिनेमांतली सर्वांत मोठी कमाई. तरीही पुढचा भाग नाही. चीनमधल्या तिकिटाच्या पैशातला साधारण चौथा हिस्साच परदेशी स्टुडिओच्या हाती येतो, प्रसिद्धीचा खर्च वेगळा, मग हा विक्रम हिशेबाच्या वहीत पोचेपर्यंत बारीक होत जातो.

चीनमध्येच एवढी लाट का, याची उत्तरं तेव्हा बरीच दिली गेली. त्याच वर्षी जानेवारीत वांडा या चिनी कंपनीने लेजेंडरी हा निर्माता स्टुडिओ विकत घेतला होता, त्यामुळे पडदे मिळाले, जाहिरात मिळाली, हे खरंच. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. चीनमध्ये २००० सालापासून पुढे दीड दशकाच्या आसपास गेमिंग कन्सोलच्या विक्रीवर बंदी होती. खेळायचं तर संगणकावर, आणि पुष्कळांसाठी तो संगणक म्हणजे इंटरनेट कॅफेतला. २००५मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ तिथे पोचला आणि एक अख्खी पिढी रांगेत, खांद्याला खांदा लावून त्या एकाच जगात वावरली. २०१६मध्ये ती पिढी कमवती झाली होती, कामाला लागलेली होती, जुने सोबती पांगलेले होते. सिनेमा हे त्यांच्यासाठी एकत्र जमण्याचं निमित्त झालं. अशा माणसाला जाऊन ‘पटकथा विस्कळीत आहे’ सांगण्यात अर्थ नाही. तो पटकथा बघायला आलेलाच नाही. पण म्हणून पटकथा सुबक ठरते का? नाही. जमलेली माणसं खरी आणि विस्कळीत पटकथाही खरी.

चाहत्यांचा संताप मात्र मला बराच काळ कोड्यात टाकत होता. समीक्षकांना काही कळत नाही असं ज्याला मनापासून वाटतं, तो त्यांच्या मताने इतका का पोळतो? याचं उत्तर मला सिनेमाच्या आधीच्या एका वादात दिसतं. अमेरिकेतले नामवंत समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली एप्रिलमध्ये लिहिलं होतं की व्हिडिओ गेम ही कधीच कला होऊ शकणार नाही. त्यावर हजारो प्रतिक्रिया आल्या. जुलैत त्यांनी पुन्हा लेख लिहिला. मत बदललं नव्हतं, पण गेम खेळून न पाहता हे बोलायला नको होतं, एवढं त्यांनी मान्य केलं. खेळणाऱ्यांच्या मनात ती जखम तशीच राहिली. ज्या जगात आपण तारुण्यातली वर्षं घातली त्याला मोठी माणसं वेळ फुकट घालवणं म्हणतात. सिनेमा ही मान्यताप्राप्त कला. आपलं जग सिनेमात गेलं, नावाजलेल्या दिग्दर्शकाने केलं, आता तरी त्यांना कळेल. डंकन जोन्सने ‘मून’सारखा अत्यंत संयत, जवळपास एकाच नटावर तोललेला विज्ञानपट केला होता, शिवाय तो स्वतः गेम खेळणारा. याहून चांगला वकील कुठून मिळणार? आणि मग निकाल आला २९ टक्के.

त्या रागातून एक वाक्य निघालं, ते मात्र मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं: हा सिनेमा समीक्षकांसाठी नाहीच, आमच्यासाठी आहे. ऐकायला बाणेदार. पण नीट पाहिलं तर या सिनेमाचा याहून मोठा अपमान समीक्षकांनीही केला नव्हता.

कारण सिनेमातली सर्वांत चांगली वीस-पंचवीस मिनिटं कोणासाठीही आहेत. सुरुवातीला ड्युरोटान आणि त्याची गरोदर बायको ड्राका आपल्या तंबूत आहेत. डोंगरासारखी देहयष्टी, ओठांबाहेर आलेले सुळे, आणि बोलणं मात्र पहिलटकर नवरा-बायकोचं, हलकं, चेष्टेचं, आतून धास्तावलेलं. मग ती सगळी टोळी त्या अजस्र दारातून दुसऱ्या जगात जाते. ते दार कैद्यांचे प्राण शोषून उघडलेलं आहे. पलीकडे पोचताच ड्राका बाळंत होते आणि बाळ हालचाल करत नाही. गुलदान ते हातात घेतो. जवळच एक हरिण उभं असतं. तो हरणाचा जीव ओढून घेतो आणि बाळात फुंकतो. हरिण कोसळतं, बाळ रडतं, गुलदान त्याला उंच धरतो, जमाव आरोळी ठोकतो. ड्युरोटानच्या चेहऱ्यावर आनंद आहे आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी हळूहळू चढत येतं. मुलगा मिळाला, पण कोणत्या भावात मिळाला, आणि आपण आता कोणाच्या ऋणात आहोत.

हे कळायला गेम खेळावा लागत नाही. अझेरॉथ कुठे आहे हे माहीत असण्याचीही गरज नाही. तो चेहरा संगणकावर घडवलेला आहे, पण त्याच्या खाली टोबी केबेल या नटाचा अभिनय आहे आणि तो पापणीच्या हालचालीपर्यंत पोचतो. सिनेमावर तुटून पडलेल्या कितीतरी समीक्षकांनीही लिहिलं होतं की यातल्या माणसांपेक्षा ऑर्कच अधिक माणूस वाटतात. म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही बाजू एका ठिकाणी एकमताने उभ्या होत्या आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. ‘हा सिनेमा तुमच्यासाठी नाही’ म्हणणारा चाहता ड्युरोटानला मर्लॉकच्या रांगेत नेऊन बसवत होता.

आणि गेमशी खरी निष्ठाही इथेच होती. १९९४च्या पहिल्या ‘वॉरक्राफ्ट’पासून खेळणाऱ्याला बाजू निवडता येते, माणसांची किंवा ऑर्कांची. ज्या बाजूने खेळाल ती बाजू तुम्हाला आपली वाटू लागते. जोन्सने आग्रह धरला तो याचाच: दोन्हीकडे नायक हवेत. काही परीक्षणांत याच गोष्टीला ‘नेमकं कोणाच्या बाजूने पाहायचं हे कळत नाही’ असा दोष लावला गेला, तिथे मात्र समीक्षक चुकले असं मी म्हणेन. ते न कळणं हाच त्या सिनेमाचा कणा आहे. सिनेमात ऑर्क आणि माणसं यांची गुप्त भेट होते, तेव्हा मध्ये गारोना दुभाषी म्हणून उभी असते. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानाला नुसती गुरगुर. गेममध्ये समोरच्या बाजूचा खेळाडू काहीही टाइप करो, आपल्या पडद्यावर ते अगम्य अक्षरांत उमटतं. ऑर्कांच्या बाजूचा हसून ‘लोल’ लिहितो, माणसांच्या बाजूला दिसतं ‘केक’. समोरचा हसतोय की शिव्या देतोय, कळायला मार्ग नाही, म्हणून तलवार काढा. भावाच्या पडद्यावर हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. त्या भेटीच्या प्रसंगात जोन्सने गेममधून एखादा प्राणी किंवा मंत्र उचललेला नाही, खेळतानाचा अनुभव उचललेला आहे. टाळी मात्र त्याला पडली नाही. आमची रांगही तेव्हा शांतच होती.

याच क्षेत्रात कधीकाळी याहून किती वाईट दिवस होते, हे नव्या पिढीला सांगायला हवं. उवे बोल नावाचे एक जर्मन दिग्दर्शक गेमवर एकामागून एक सिनेमे काढत होते आणि परीक्षणं इतकी वाईट येत की २००६मध्ये त्यांनी आपल्या टीकाकारांना थेट मुष्टियुद्धाचं आव्हान दिलं. काही जण खरोखर रिंगणात उतरले आणि मार खाऊन आले. ‘वॉरक्राफ्ट’चे हक्क मागायला आपण गेलो होतो आणि ‘कोणालाही देणार नाही, तुम्हाला तर नाहीच नाही’ अशा अर्थाचं उत्तर मिळालं, हे बोल यांनीच सांगितलेलं आहे. चाहते आणि समीक्षक यांचं संपूर्ण मतैक्य मी तेवढ्या एकाच माणसाच्या बाबतीत पाहिलं.

आता काळ उलटला आहे. २०२३मध्ये मारिओचा अ‍ॅनिमेशनपट आला. समीक्षक साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळले, प्रेक्षक ९५वर, आणि कमाई १३० कोटी डॉलरच्या वर. २०२५च्या ‘माइनक्राफ्ट’ने तर कळस केला. कोंबडीवर बसलेला एक छोटा झाँबी पडद्यावर येतो, त्याचं नाव उच्चारलं जातं, आणि थिएटरात पोरं खुर्च्यांवर उभी राहून पॉपकॉर्न उधळतात. काही थिएटरांना प्रेक्षकांसाठी सूचना लावाव्या लागल्या. समीक्षकांनी काय लिहिलं याची चौकशीही कोणी केली नाही. चाहते जिंकले, सपशेल जिंकले. आणि निर्मात्यांना जो धडा मिळायचा तो मिळाला: ड्युरोटानचा चेहरा घडवायला वर्षं जातात आणि त्याला टाळी पडेलच असं नाही; मर्लॉकला हमखास पडते.

पोरांच्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. आमच्या रांगेनेही काही कमी गोंधळ घातला नव्हता, आणि त्या जोडप्याची नजर मला अजून आठवते. ग्रिफॉन स्टॉर्मविंडवरून उडाला तेव्हा माझ्याही घशात काहीतरी आलं होतं. त्यात सिनेमाचं श्रेय किती आणि रिकाम्या खुर्चीमागच्या माझ्या संध्याकाळींचं किती, हे मी आजही सांगू शकणार नाही. पण परीक्षण लिहायची वेळ आली असती, तर तो आवंढा मी गुणांत धरला नसता.

‘झेल्डा’वरचा सिनेमा २०२७मध्ये येतो आहे. वेस बॉल दिग्दर्शक, न्यूझीलंडमध्ये चित्रीकरण. त्या गेमचा नायक लिंक खेळभर जवळजवळ मुका असतो. बोलणं खेळणाऱ्याने मनात करायचं. सिनेमात त्याला बोलतं केलं तर चाहते उठणार, मुका ठेवला तर समीक्षक म्हणणार, नायकाला व्यक्तिमत्त्वच नाही. परवा भावाला फोनवर विचारलं, काय करायला हवं रे त्यांनी? तो पटकन म्हणाला, “बोलता कामा नये.” मी म्हटलं, “अरे, पण दोन तास?” तर म्हणे, “ताई, तू खेळली नाहीस ना.”